ज्येष्ठांच्या सरकारी योजना आणि त्यामागचं राजकारण : पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी सकाळी आमच्या विरंगुळा केंद्रात कॅरमच्या बोर्डाशेजारी योजनांचं टेबल लागतं. फॉर्म भरून देणं हे आमचं काम. पण लोक फॉर्म भरता भरता भलतंच विचारतात : दोनशेच का, पासष्टच का, निवडणूक आली की तीन हजार कुठून येतात? ते प्रश्न आणि आमची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. रकमा २०२५ अखेरच्या आहेत. मतं आमची आहेत, आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातल्या निम्म्या लोकांना ती मान्य नाहीत.

१. माणूस ज्येष्ठ नागरिक नक्की कितव्या वर्षी होतो? प्रत्येक खिडकीवर वेगळं सांगतात.

खिडकीवरचे बरोबर सांगतात, कारण प्रत्येक खिडकीचं वय वेगळंच आहे. २००७ च्या केंद्रीय कायद्यात ६०. राज्याच्या २०१३ च्या ज्येष्ठ नागरिक धोरणात ६५ होतं, २०१८ मध्ये ते ६० वर आणलं. पण श्रावणबाळ (राज्याचं दरमहा अर्थसाहाय्य) ६५ लाच, एसटीचं अर्धं तिकीट ६५ ला, फुकट तिकीट ७५ ला, आयुष्मान कार्ड ७० ला, तीर्थदर्शन (सरकारी खर्चाने यात्रा) ६० ला, आणि घरून मतदान ८५ ला.

वय एका वर्षाने खाली आणलं की लाभार्थी लाखांनी वाढतात. म्हणून ज्या ठिकाणी नुसतं ओळखपत्र द्यायचं तिथे साठ चालतं आणि दरमहा पैसे मोजायचे तिथे पासष्ट लागतं. २०१८ ला वय खाली आणल्याची बातमी झाली तेव्हा आमच्या केंद्रात पेढे वाटले होते. मासिक अर्थसाहाय्याचं वय त्या निर्णयाने तसूभरही हललं नाही, हे पेढे संपल्यावर कळलं.

२. श्रावणबाळ, संजय गांधी, इंदिरा गांधी : तिन्हींत फरक काय? आमच्याकडे सगळ्यालाच 'निराधारचा पगार' म्हणतात.

'संजय गांधी निराधार अनुदान' ही राज्याची १९८० पासूनची योजना. ६५ च्या आतल्या निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी अशांसाठी. 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन' हीसुद्धा राज्याचीच, पण ६५ आणि त्यापुढच्यांसाठी. 'इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन' केंद्राची, दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असलेल्यांसाठी.

तुमच्या हातात येतात ते १,५०० रुपये. २०१९ ला ही रक्कम ६०० वरून १,००० झाली आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात १,५००. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यातले २०० केंद्राचे आणि १,३०० राज्याचे. वय ८० च्या पुढे असेल तर ५०० केंद्राचे, १,००० राज्याचे. यादीत नाव नाही पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे, तर सगळे १,५०० राज्याचे. म्हणजे ऐंशीवा वाढदिवस झाला म्हणून केंद्राने वाढवून दिलेले तीनशे तुमच्या खिशात येत नाहीत. तेवढा राज्याचा खर्च वाचतो. केंद्राच्या योजनेचं वय केंद्राच्या नियमात ६० आहे, पण आपल्याकडे ती श्रावणबाळला जोडलेली असल्याने व्यवहारात ६५ धरून चाला.

३. केंद्राचे दोनशे रुपये इतक्या वर्षांत वाढले का नाहीत?

ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा महिना ७५ रुपये होते. २००६ मध्ये २०० झाले. २०११ मध्ये वय ६५ वरून ६० केलं आणि ८० च्या पुढच्यांना ५०० दिले. त्यानंतर दिल्लीत सरकार बदललं, पण दोनशेचा आकडा तसाच राहिला. ग्रामविकास खात्याच्या संसदीय स्थायी समितीने रक्कम वाढवा असं एकदा नव्हे, अनेकदा लिहून दिलं आहे. लाभार्थ्यांची कमाल संख्याही २००१ च्या जनगणनेवर आणि २००४-०५ च्या गरिबीच्या प्रमाणावर बांधलेली आहे.

का वाढत नाही, याचं आमचं उत्तर असं. सरकारी नोकराच्या महागाई भत्त्याचं जानेवारी आणि जुलै हे ठरलेलं वेळापत्रक असतं. या दोनशेला असं कुठलंच वेळापत्रक नाही, त्यामुळे ते न वाढवायला कुणाला काही करावं लागत नाही. आणि केंद्राने वाढवले तरी लाभार्थ्याला ते राज्याच्या पंधराशेत मिसळूनच मिळणार (प्रश्न २). म्हणजे पैसे दिल्लीने द्यायचे आणि फलक मुंबईने लावायचा. कोण लावून घेईल?

४. उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. पुण्यात असं कुटुंब आहे तरी कुठे?

कुठेच नाही. एका खोलीचं भाडंसुद्धा त्यात बसत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंची दोन घरांची कमाई त्याच्या वर जाते. ही मर्यादा दशकाहून जास्त काळ आहे तिथेच आहे, आणि ती पाळणं कुणालाच शक्य नाही हे अर्जदाराला, तलाठ्याला, तहसीलदाराला आणि मंत्र्यांनाही ठाऊक आहे. श्रावणबाळचेच वर्षाचे १८ हजार होतात. नवरा-बायको दोघांना मिळायला लागले की नुसत्या अनुदानाचे ३६ हजार.

मग २१ हजारांच्या आतला दाखला निघतो कसा? निघतो. तलाठी चौकशीत 'मोलमजुरी' लिहिलं जातं आणि आकडा बसवला जातो. माणूस खरोखर गरीब असतो, दाखला मात्र कधीच खरा नसतो. आम्हाला यातलं राजकारण रकमेपेक्षाही जास्त खुपतं. नियम इतका खाली ठेवला की प्रत्येक लाभार्थी काटेकोर तपासणीत अपात्र ठरू शकतो. मग तो हक्काने भांडत नाही, उपकाराखाली राहतो. 'आजी, तुमची केस मीच केली होती' हे वाक्य त्याच्या जोरावर चालतं.

मर्यादा वाढवणं अवघड आहे असंही नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या योजना पाहा : मुख्यमंत्री वयोश्रीला दोन लाख, तीर्थदर्शनला अडीच लाख, लाडकी बहीणला अडीच लाख, आणि तिथे पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाचा दाखलाच लागत नाही. सरकार तेच आणि साल तेच.

५. अर्ज कुठे करायचा? एजंट लागतोच का?

लागत नाही. पुणे शहराचं तहसील कार्यालय खडकमाळ आळीतली मामलेदार कचेरी. (उमाजी नाईकांना १८३२ ला फाशी दिली ती हीच जागा. रांगेत तासभर उभं राहिल्यावर हे कुणीतरी सांगतंच.) महापालिकेच्या हद्दीत राहणारे बरेच जण प्रत्यक्षात हवेली तालुक्यात मोडतात, त्यांनी आधी खात्री करून घ्यावी; पिंपरी-चिंचवडला अप्पर तहसील आहे. वयाचा पुरावा, राज्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीचा उतारा, रेशनकार्ड, आधार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. २०२४ च्या अखेरीपासून पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे जोडणी नसेल तर मंजूर केसही कोरडीच राहते.

६. आमच्या वॉर्डातले नेते म्हणतात, 'केस मी मंजूर करून देतो.' खरंच त्यांच्या हातात असतं का?

नगरसेवकाच्या हातात नसतं. पण मंजुरीच्या समितीत असतं. संजय गांधी आणि श्रावणबाळचे अर्ज मंजूर करायला एक समिती असते. तिचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे पालकमंत्र्यांनी नेमलेला कार्यकर्ता. तहसीलदार सदस्य सचिव. ज्याला तिकीट देता आलं नाही त्याला हे पद देण्याची जुनी रीत आहे, आणि ती कुठल्याही एका पक्षाची नाही. सरकार बदललं की समित्या बरखास्त होतात, नव्या नेमायला महिने लागतात, आणि तोवर अर्जांचे गठ्ठे तहसीलदाराच्या भरवशावर.

कागद पूर्ण असतील तर समितीला नकाराचं कारण लेखी द्यावं लागेल, हे अर्ज देतानाच नम्रपणे सांगा. पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे नेत्याचा अर्ज. आचारसंहितेत नवीन मंजुऱ्या थांबतात, चालू पैसे थांबत नाहीत. 'आचारसंहितेमुळे पगार बंद' असं कुणी सांगितलं तर दुसरं कारण शोधा. बहुतेक वेळा हयातीचा दाखला राहिलेला असतो (प्रश्न १५).

७. आईला ६५ पूर्ण झाली आणि लाडकी बहीणचे पैसे बंद झाले. आता श्रावणबाळ आपोआप सुरू होईल ना?

होणार नाही. हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो. लाडकी बहीण २१ ते ६५ वयासाठी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिली मोठी गाळणी लागली, तेव्हा महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनीच सांगितलं की वगळलेल्या पाच लाख महिलांमध्ये १ लाख १० हजार ६५ वरच्या होत्या, आणि २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेतून आधीच पैसे घेणाऱ्या.

दोन्हीकडे रक्कम १,५०० च, म्हणून लोकांना वाटतं नुसतं टेबल बदलेल. पण चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत असलेली बाई गरीब मानली जाते, आणि पासष्ट उलटल्यावर तिलाच २१ हजारांच्या आत असल्याचं सिद्ध करावं लागतं. प्रश्न ४ पुन्हा वाचा. आईचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर तिकडून जा, तो रस्ता सोपा आहे. आणि वाढदिवसाच्या तीन-चार महिने आधीच कागद जमवायला लागा.

८. विधानसभेच्या वेळी वृद्धांना २,१०० रुपये देऊ म्हणाले होते ना?

म्हणाले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीच्या दहा आश्वासनांत लाडक्या बहिणींना २,१०० होते, आणि वृद्धांचं पेन्शनही १,५०० वरून २,१०० करण्याचं होतं. बहिणींच्या आश्वासनाची आठवण विरोधक आणि वाहिन्या रोज करून देतात. आजी-आजोबांच्या २,१०० ची आठवण आमच्या टेबलाशिवाय कुठे ऐकू आलेली नाही.

दरम्यान २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम २,५०० झाली. त्याआधी जूनमध्ये दिव्यांगांसाठी लढणारे नेते बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले होते. यावरून ज्याने त्याने काय तो अर्थ काढावा.

९. वयोश्रीचे ३,००० आणि तीर्थदर्शन : या योजना अजून चालू आहेत का? निवडणुकीपुरत्याच होत्या म्हणतात.

दोन्ही २०२४ च्याच : वयोश्रीचा निर्णय फेब्रुवारीत, तीर्थदर्शनचा जुलैत, लोकसभा आणि विधानसभा त्याच वर्षी. दोन्हींचा लाभ एकदाच. वयोश्रीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी ३,००० रुपये खात्यात येतात. वय ६५, बिल जपून ठेवा. तीर्थदर्शनात माणशी ३० हजारांपर्यंत खर्च सरकारचा आणि ७५ वरच्यांना सोबतीला एक जण नेता येतो. अर्ज घेतले जातात, पण निधी आणि यात्रेची गाडी कधी, हे सांगता येत नाही.

वयोश्री नावाची केंद्राची वेगळी योजना २०१७ पासून आहे. तिथे पैसे मिळत नाहीत, शिबिरात मोजमाप घेऊन वस्तू मिळतात. बारामती मतदारसंघात खासदार सुप्रिया सुळे यांनी त्याची शिबिरं घेतली होती, आणि धायरी-वारज्याकडचे लोक त्याच मतदारसंघात येतात, म्हणून दोन्हींचा घोळ होतो. काठी वाटताना फोटो निघतो. महागाईनुसार पेन्शन साठ रुपयांनी वाढवलं तर फोटो कशाचा काढणार?

१०. मी पिंपरीच्या कारखान्यात नोकरी केली, २०१० ला निवृत्त झालो. ईपीएस ९५ चं पेन्शन दीड हजाराच्या आसपास. एवढं कमी कसं? श्रावणबाळ मिळेल का?

ईपीएस ९५ म्हणजे भविष्यनिर्वाह निधीशी (पीएफ) जोडलेलं पेन्शन. हिशेब सोपा आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. योजना नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली आणि तुमचा खरा पगार कितीही असला तरी पेन्शनसाठी तेव्हा ६,५०० पर्यंतच धरला जायचा. १५ वर्षांचे झाले १,३९३ रुपये, वर आधीच्या नोकरीचं थोडंसं. सप्टेंबर २०१४ पासून ती मर्यादा १५ हजार झाली आणि किमान पेन्शन १,००० ठरलं. तेव्हापासून ते हजारच आहे.

किमान रक्कम ३,००० करा असं राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्येच सुचवलं होतं. त्या समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी. तेच पुढे २०१९ ते २०२३ आपले राज्यपाल झाले. पेन्शनर 'कोश्यारी समिती लागू करा' अशा घोषणा देत होते आणि कोश्यारी राजभवनात होते. आता मागणी ७,५०० अधिक महागाई भत्त्याची आहे.

श्रावणबाळ मिळणार नाही, कारण तुमचं हेच पेन्शन वर्षाला १८ हजारांच्या घरात जातं आणि बायकोने शिवणकाम केलं तरी २१ हजार उलटतात.

११. सरकारी कर्मचाऱ्यांना मात्र मागितलेलं पेन्शन लगेच मिळतं. हा भेदभाव नाही का?

लगेच नाही मिळालं. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या राज्य कर्मचाऱ्यांचं जुनं पेन्शन गेलं होतं. १४ ते २० मार्च २०२३ सात दिवस त्यांनी संप केला, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अडल्या, मग समिती नेमली गेली, आणि पुढे हमीच्या पेन्शनचा पर्याय आला. श्रावणबाळच्या आजीने संप करायचा म्हटलं तर काय बंद पडेल? नातवाला शाळेतून आणणं.

१२. सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड बंगल्यात राहणाऱ्यालाही मिळतं म्हणे. आणि कार्ड असूनही आमच्या जवळच्या दवाखान्यात घेतलं नाही, असं का?

मिळतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि वरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, आधार पुरे. वर्षाला पाच लाख, पण ते कुटुंबातल्या सत्तरीवरच्या सगळ्यांत मिळून. नवरा-बायकोला पाच-पाच नाहीत. खासगी विमा असला तरी चालतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असाल तर दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. भरती झाल्याशिवाय उपयोग नाही. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या यात येत नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाचा खरा खर्च तोच.

दवाखाना योजनेत नोंदलेला नसेल तर कार्ड चालत नाही. दर परवडत नाहीत म्हणून काही मोठी रुग्णालयं बाहेर आहेत, काही ठरावीक विभागांपुरतीच आत आहेत. दाखल होण्याआधी १४५५५ वर विचारा. आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर वेगळा हक्क आहे : वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंतच्यांसाठी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यातली बरीच नावाजलेली रुग्णालयं ट्रस्टची आहेत. काउंटरवर 'धर्मादाय खाट' हे शब्द वापरा आणि तिथल्या समाजसेवकाला भेटा.

१३. प्रवासात आता काय सवलत उरली आहे?

एसटीत राज्यभर ७५ वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं. बायकांना मार्च २०२३ पासून सगळ्याच वयात अर्धं, त्यामुळे सदुसष्टच्या आजींना वयाचा वेगळा फायदा नाही. हे पीएमपीला (पुण्याच्या शहर बसला) लागू नाही, तिथे ज्येष्ठांचा सवलतीचा पास काढावा लागतो. वाहकाशी वाद घालू नका, त्याचं काही चुकत नाही.

रेल्वेची सवलत (पुरुषांना ६० नंतर ४० टक्के, बायकांना ५८ नंतर ५० टक्के) २० मार्च २०२० ला कोरोनामुळे थांबली. २०२५ संपलं तरी परत आलेली नाही. विचारलं की उत्तर येतं, सगळ्याच प्रवाशांना तिकिटामागे सरासरी ४६ टक्के सवलत आहे. रद्द केल्याचा मोठा निर्णय झालाच नाही, म्हणून विरोध कशाला करायचा तेच कुणाला कळलं नाही.

१४. मुलाच्या नावावर फ्लॅट केला, आता तो विचारत नाही. आणि त्याच्या पगारामुळे श्रावणबाळही नाही. आम्ही कुठे जायचं?

मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे. एकाच रेशनकार्डावर कमावता मुलगा दिसला की तलाठ्याच्या अहवालात त्याचा पगार येतो, तो घरात एक रुपया देत नसला तरी. सरकार धरून चालतं की मुलगा सांभाळतोच, आणि नसेल तर त्याच्यावर दावा करा म्हणतं.

तो दावा २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. महिना १० हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. ही कमाल मर्यादा काढून टाकायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर झालं नाही. निकाल ९० दिवसांत अपेक्षित आहे. आमच्या अनुभवात अपेक्षेपेक्षा जास्त लागतात.

फ्लॅटसाठी कलम २३. बक्षीसपत्रात 'सांभाळ करण्याच्या अटीवर' असं लिहिलेलं असेल तर ते रद्द होऊ शकतं. अट लिहिलेली नसेल तर अवघड आहे, असं सर्वोच्च न्यायालय डिसेंबर २०२२ मध्ये म्हणालं. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईला घर परत दिलं, पण तिच्याकडे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र होतं. सून त्याच घरात राहत असेल तर तिचा निवासाचा हक्कही पाहिला जातो, हा २०२० चा निकाल. तेव्हा ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांनी अट लिहून घ्या, किंवा मृत्युपत्र करून गप्प बसा. बोलायला कुणी हवं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाइन आहे.

१५. अंगठा उमटत नाही म्हणून हयातीचा दाखला होत नाही. माणूस समोर बसलेला आहे!

ईपीएस आणि सरकारी पेन्शनसाठी आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो. ईपीएसचा वर्षात कधीही करा, तिथून बारा महिने चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. श्रावणबाळचा दाखला मात्र दरवर्षी तहसीलला द्यायचा. अंथरुणावर खिळलेल्यांसाठी तलाठ्याला घरी पाठवा असा लेखी अर्ज करा. नुसतं तोंडी सांगून कुणी येत नाही.

१६. आम्ही सगळ्यात जास्त मतदान करतो. मग आमची वोटबँक का होत नाही?

२०११ च्या जनगणनेत राज्यात साठीवरचे ९.९ टक्के होते, देशात ८.६. संख्या आहे. पण एकाच विरंगुळा केंद्रात निवृत्त प्राध्यापक असतात, ईपीएसवाले असतात, आणि झाडलोट करायला येणाऱ्या, श्रावणबाळवर जगणाऱ्या बाईही असतात. पहिल्यांना बँक व्याजावरचा कर कमी हवा, दुसऱ्यांना साडेसात हजार, तिसरीला कुणी विचारत नाही. संघाच्या ठरावांत तिची २१ हजारांची मर्यादा आम्ही २०२४ पर्यंत एकदाही लिहिली नव्हती. मग नगरसेवक आमच्याकडून काय समजणार? तो बाक देतो, कॅरम देतो, बाकावर नाव टाकतो. मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, तेव्हा आमच्या केंद्राचा नळ गळत होता. जानेवारी २०२६ ची निवडणूक लागली आणि तीन पक्षांचे तीन प्लंबर आले.

१७. श्रावणबाळ घेणारे वडील वारले. आईला त्यांचे पैसे लागतील का? आणि वीस हजारांची कुठली तरी मदत असते म्हणतात.

श्रावणबाळला वारस नसतो. आई ६५ ची असेल तर तिचा स्वतंत्र अर्ज करा, त्याहून लहान असेल तर विधवा म्हणून संजय गांधीचा. (ईपीएसचं वेगळं आहे, तिथे पत्नीला निम्मं मिळतं.) मृत्यूची नोंद तहसीलला लगेच कळवा, नंतर जमा झालेली रक्कम परत घेतात, ती काढून क्रियाकर्माला वापरली असली तरी. वीस हजारांची ती राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तरच मिळते. वडील त्र्याहत्तरचे होते, म्हणून नाही.